एक वाजताचा फोन

कुलपांच्या धंद्यात माणूस संशयी होतो असं लोक म्हणतात. मी म्हणतो, जो संशयी नसेल त्याने हा धंदाच करू नये. एखादा गृहस्थ घाम पुसत येतो, "किल्ली हरवली हो, जरा दार उघडून द्या" म्हणतो. घर त्याचंच कशावरून? मी आधी त्याच्या शेजाऱ्याला हाक मारतो आणि मग पेटीतून हत्यारं काढतो. मालक शेजारी उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, हा माझा नियम सव्वीस वर्षांत मोडला नव्हता. मोडला तो गेल्या मंगळवारी, तोही स्वतःच्या घरात.

सुरुवात फोटोंपासून झाली. माझ्या धाकट्या बहिणीचे सहा फोटो टेबलावर पडले होते. केस मागे ओढलेले, दोन्ही कान उघडे, चेहरा चोरी पकडल्यासारखा. चाळिशीची बाई असले फोटो हौसेने काढत नाही.

"कशाला गं हे?" मी विचारलं.

"लागतात कधीतरी," म्हणाली आणि पटकन पाकिटात घातले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरात आम्ही तिघंच. मी, ती आणि बाबा. लग्नं आम्हा दोघांचीही राहून गेली. माझं माझ्या तोंडामुळे राहिलं असं ती म्हणते, आणि चिडली की आपलं बाबांमुळे राहिलं असंही म्हणते. बाबांचं डावं अंग तीन वर्षांपूर्वी लुळं पडलं. धाकटी एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. काम घरातूनच, लॅपटॉपवर. ती घरीच असते म्हटल्यावर बाबांचं सगळं आपोआप तिच्याकडे गेलं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बदललंही नाही.

फोटोंनंतरच्या सोमवारी ती दहा वाजता लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून निघाली.

"घरी इंटरनेट नीट चालत नाही. आता काही दिवस मी वाचनालयात बसणार. दादा, एक वाजता घरी येऊन बाबांना वाढ आणि गोळी दे. पांढरी. डबा मी भरून ठेवते."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर माझा फोन घरच्या इंटरनेटला लावून बघितला. झकास चालत होतं. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या दिवशी एक वाजता दुकानात एक तिजोरी आली होती, म्हणून जाणं राहिलं. संध्याकाळी धाकटीने विचारलं, "गेला होतास ना?" मी हो म्हटलं. आता एवढ्यावरून कशाला वाद? बाबा तिथेच खुर्चीत बसले होते. तेही मान डोलवून "आला होता" म्हणाले. मला वाटलं, वयाने विसरले असतील. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागे गेलो. वाचनालयासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे कागद चाळत उभं राहिलं की खिडकीतली जागा स्पष्ट दिसते. ती खिडकीत बसली होती. बाराला कुणी आलं नाही, साडेबारालाही नाही. बरोबर एक वाजता तिने फोन लावला. बोलताना हसली, मान हलवली, मध्येच कपाळाला आठी घातली. फोन ठेवून एका वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशीही एक वाजता फोन, हसणं आणि वही. चौथ्या दिवशी तेच. मग माझी खात्रीच पटली. कुणीतरी पुरुष आहे. या वयात असे भामटे टपूनच असतात. गोड बोलतात, कागदांवर सह्या घेतात. मी रोज दुकानावर "दहा मिनिटांत येतो" ही पाटी लावून तासभर झेरॉक्सवाल्याकडे उभा राहू लागलो. त्याला माझाच संशय यायला लागला तेव्हा चार पानं उगाचच झेरॉक्स करून घेतली. बाबांचं म्हणाल तर डबा हाताशी होता, गोळी वाटीत होती. आणि संध्याकाळी तेच सांगत होते की मी आलो होतो.

अकराव्या दिवशी, सोमवारी, एक पोलीस शेजारच्या टेलरमास्तरांच्या दुकानात आला. कसल्याशा कागदावर त्यांची सही घेऊन गेला. मी लगेच पलीकडे.

"काय हो मास्तर, काय भानगड?"

"भानगड कसली? तुमच्या बहिणीची चौकशी. व्हिसासाठी लागते. चांगल्या आहेत म्हणून लिहून दिलं."

"कसला व्हिसा?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, वर्षभर परदेशात राहायचं आणि तिथून इथलंच काम करायचं. हल्ली देतात काही देश असा. तुम्हाला माहीत नाही? मला म्हणाल्या, मास्तर, एकदा तरी मला कुणी मध्येच न उठवता आठ तास सलग काम करायचंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोलिसाला माहीत, शिंप्याला माहीत, आणि सख्ख्या भावाला ताकास तूर लागू दिली नाही! बाबांना माझ्या गळ्यात टाकून ही पसार होणार. एक दिवस नुसता मेसेज येणार, पोचले म्हणून.

मंगळवारी मी तिच्या मागे गेलो नाही. साडेबाराला घरी आलो. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होते. मी चपला हातात घेऊन आतल्या खोलीत गेलो. तिच्या टेबलाच्या खणाला कुलूप होतं. मीच बसवलेलं. तारेने उघडायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

खणात फाइल होती. त्यात कान दिसणारे फोटो, विम्याचा कागद, आणि हिचं काम कुठूनही करता येतं असं कंपनीचं पत्र. व्हिसाचा अर्ज पूर्ण भरलेला होता, फक्त सही आणि तारीख कोरी. फाइलच्या खाली वही होती. वाचनालयात रोज न्यायची तीच, त्या दिवशी विसरली. पहिल्या पानावर लिहिलं होतं:

"कामाचे पंधरा दिवस. दादाला जमलं तर अर्ज करायचा. नाही जमलं तर विषय बंद. दोघांनाही आधी सांगायचं नाही, नाहीतर सोंग करतील."

पुढच्या पानांवर तारखा.

"पहिला दिवस. एक वाजता बाबांना फोन. दादा आलाय म्हणाले. हात धुतोय."

"चौथा दिवस. दादा आलाय. दोघं एकत्र जेवले. दादाने तिजोरीची गोष्ट सांगितली, बाबा खूप हसले म्हणे."

"सातवा दिवस. दादाने त्यांना धरून गॅलरीपर्यंत चालवलं. मी तीन वर्षं सांगतेय, माझं ऐकत नाहीत. दादाचं ऐकलं!"

"नववा दिवस. दादाने नखं कापली म्हणाले." याच्यापुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं.

मी खाली बसलो. एक वाजताचा फोन बाबांना होता. आणि त्या अकरा दिवसांत मी एकदाही घरी आलो नव्हतो. बाबा काही विसरत नव्हते. तिने सांगितलं नसलं तरी त्यांनी सगळं ओळखलं होतं. लेकीला जाता यावं म्हणून ते रोज एक मुलगा रचत होते, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी बरा होता. मला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर फोन वाजला. मी वही घेऊन दारात आलो. बाबांची माझ्याकडे पाठ होती. उजव्या हाताने फोन कानाला लावून ते आनंदाने बोलत होते.

"हो गं, आलाय ना दादा. आत्ताच वाढलं त्याने. हा काय, समोरच बसलाय."

समोरच्या खुर्चीवर पेपर पडला होता. डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो.

ते दचकून वळले. माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"दादा?" धाकटीचा आवाज आला. "खरंच आहेस? रोज फोन द्या म्हटलं की तू हात धुवायला गेलेला असतोस."

"आहे."

"नखं कापलीस ना त्यांची?"

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. नखं चांगलीच वाढली होती.

"नाही. नखं नाही आणि काहीच नाही. एकही दिवस आलो नाही मी. तुझ्या मागे होतो, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. आज आलो तेही तुझा खण उघडायला."

बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ती ओरडेल. पण दिवसभर तक्रारींना उत्तरं देणारी बाई ती, ओरडायची तिची सवयच मोडली आहे.

"म्हणजे मी बाबांना टाकून जातेय का हे बघायला," ती सावकाश म्हणाली, "तू रोज बाबांना टाकून येत होतास."

"हो."

"नखं त्याच संध्याकाळी बघितली होती मी. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"पंधरा दिवस पुरे होऊ देत म्हटलं. एखाद्या दिवशी येशीलही." तिचा आवाज फाटला, तो तिने सावरला. "वही आहे हातात? पेन घे. ती अकरा पानं खोड. आजची तारीख घाल आणि पुढे लिही, पहिला दिवस. तुझ्या अक्षरात लिही. आणि आता बाबांना वाढ." तिने फोन ठेवला.

मी लिहिलं. बाबांना वाढलं, गोळी दिली. दोघं जेवलो, तिजोरीची गोष्ट काही मला सांगता आली नाही. मग त्यांचा हात मांडीवर घेतला. माझ्या पेटीत कानस होती, पक्कड होती, नाना तऱ्हेच्या तारा होत्या.

"बाबा, नेलकटर कुठे असतो आपल्याकडे?"

"मला काय माहीत?" बाबा म्हणाले. "ती काढते कुठूनतरी."

मी सगळे खण उघडले, कपाट पालथं घातलं. शेवटी पुन्हा तिलाच फोन लावला.