एका बाकाची होडी

ताईला होडी हवी होती. विकतची नको, मी बनवलेली.

आता मी म्हणजे कोण, तर व्हिडिओ बघून खुर्च्या ठोकणारा माणूस. त्या खुर्च्या अजून कुरकुरतात. पण ताईने मागितल्यावर नाही कसं म्हणणार?

वर्षभर ती अंथरुणाला खिळून होती. बाल्कनीपर्यंत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मीच उचलून न्यायचो. आता चालते. डावा हात मात्र अजून रुसलेलाच आहे. आजारपणाआधी रोज तळ्यात वल्हवायची. आता परत जायचंय म्हणते.

मी चित्र काढलं होतं होडीचं. दोन बाक. एक तिचा, एक माझा. तिला न विचारताच.

वखारीत शिरलो आणि दोघंही गप्प झालो. बाहेर ट्रकांचा गोंगाट, आत जणू कुणीतरी आवाज पुसून टाकलेला. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरल्या होत्या. त्यांच्यात भुसा तरंगत होता, खाली पडायची त्याला काही घाई नव्हती. मला वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत आणि पाणी वर कुठेतरी आहे.

"सागवान दाखवा," मी वखारवाल्या काकांना म्हटलं. "होडी करायचीय."

त्यांनी एक फळी पुढे ओढली. गार, तेलकट. "ही कुजायची नाही. तुझी नातवंडं वल्हवतील यात."

"आधी याला मुलगी तर मिळू दे," ताई म्हणाली.

काका खोकल्यासारखं हसले. तोवर ताई आत गेली होती. कोपऱ्यात देवदाराच्या फळ्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. तिने एकीला नाक लावलं आणि डोळेच मिटले.

"बारक्या, ही बघ."

"मऊ असते ती. दगडाला घासली तर खोक पडेल."

"मग नाही घासणार."

ती परत आली, सागवानी फळीचं टोक डाव्या हाताने धरलं आणि उचलायला गेली. फळी ढिम्म. ताईचा चेहरा लालबुंद.

"सोड, मी धरतो."

"तू थांब रे जरा!"

मग तिने देवदार धरला. त्याच डाव्या हाताने. फळी गुडघ्यापर्यंत आली. मग कमरेपर्यंत. उन्हाची एक काडी नेमकी तिच्यावर पडली, आणि क्षणभर मला हात दिसलाच नाही. नुसती फळी दिसली, उजेडावर तरंगणारी.

"होडी काठावर ओढून घ्यावी लागते," ताई म्हणाली.

"मी असेन की ओढायला."

"तेच तर. तू असलास की मी ओढणारच नाही."

चिडून म्हणाली नव्हती ती. म्हणूनच लागलं. खरं सांगायचं तर सागवान टिकतं म्हणून काही मला हवं नव्हतं. त्याची होडी ओढायला दोघं लागतात, म्हणून हवं होतं. ती एकटी पाण्यात गेली आणि मधेच हात थांबला तर? हे मला रोज स्वप्नात दिसतं.

"देवदार घ्या," काका मधे पडले. "फक्त वरचेवर तेल पाजावं लागेल. फळ्या नीट वाजवून घ्या."

मग आम्ही वाजवत बसलो. फळी आडवी ठेवायची, ताई एका टोकाला कान लावणार, मी दुसऱ्या टोकाला टिचकी मारणार. चांगल्या फळीतून टिचकी सरळ पोचते. आत तडा असला की वाटेत हरवते.

"आली," ताई म्हणायची. किंवा, "नाही रे, मधेच बुडाली." बुडाली की ती फळी बाजूला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हाच्या काड्या सरकत सरकत भिंतीवर चढल्या.

"बाक किती?" काकांनी मला विचारलं. "त्याला जाड फळी लागेल."

ताईने मान उचलली नाही. तिचा कान फळीलाच होता. पण श्वास थांबला होता तिचा, मला कळलं.

"एक," मी म्हटलं. "मधोमध."

तिने कान फळीला आणखी घट्ट लावला. मग म्हणाली, "मार की टिचकी, झोपलास का?"

मी मारली. अगदी हळू.

फळीच्या त्या टोकाकडून, लांबून आल्यासारखा आवाज आला.

"आली."