पेरूवरचा खोटा राघू

फोटो कागदातून बाहेर काढला आणि मला शिसारी आली.

मागच्या अंगणातल्या पेरूवर सातभाई पाखरं रोज येतात. धुळीच्या रंगाचे, विस्कटलेले, सदा भांडणारे. ऊन तापलं की त्यांतले दोघं एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. एक दुसऱ्याच्या मानेतली पिसं चोचीनं विंचरतो. दुसरा डोळे मिटून मान पुढे करतो. वेणी घालताना माझी छकुली करते ना, तश्शी.

मला हा एकच फोटो हवा होता. काटोलच्या रुपरावदादानं पंधरा दिवसांसाठी कॅमेरा दिला होता. छकुली झोपली की वाळत घातलेल्या लुगड्यामागे पाट घेऊन बसायचं. दहा फुटांच्या आत गेलीस तर चित्र पुसट येईल, असं दादानं बजावलेलं. बारा फोटोंचा रोल. अकरा वेळा पाखरं हलली, नाहीतर छकुली उठली. बाराव्याला दोघं नेमके बसले. मी श्वास धरला, खटका दाबला. त्या दिवशी भात करपला तरी मी हसतच होते.

रोल धुवायला ह्यांच्याकडे दिला. कॅमेरा दादाकडे परत गेला. आठ दिवसांनी हे मोठा फोटो घेऊन आले, भलत्याच खुशीत.

"पाह्य वं! मोठा करून, रंगवून आणला. लग्नाचे फोटो रंगवते तो माणूस. मामुली नाही."

फांदीवर एक पोपट होता. पोपट तरी कसला, नाल्यातला बेडूक फुगावा तसा. कुजक्या शेवाळाचा हिरवा, चोच लालभडक. आमच्या विटांच्या भिंतीच्या जागी निळं तळं, त्यात कमळं. तेलकट रंगाचा वास नाकात शिरला.

"दुसरा कुठं गेला?"

"दुसरा कोण? तो म्हणे, डाग होता. झाकून देल्ला."

"आन् निगेटिव्ह?"

"टाकून देल्ल्या त्यानं. काय होतं त्यात?"

सासूबाईंनी फोटो हातात घेतला. "काहून वं, तोंड वाकडं करून राहिली? चांगला राघू आहे. बैठकीत लाव गा बळीराम, आल्यागेल्याले दिसन."

"आई, हे आपले सातभाई आहेत."

"ते मेले किचकिचे? त्याहिचा फोटो कोण काढते!"

तीन दिवस तो राघू भिंतीवरून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायची. चौथ्या दुपारी खिळ्यावरून काढला, ओसरीवर बसले, कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवला.

आधी कमळं पुसली. खालून वीट दिसली. हिरवा रंग बोळ्यावर शेंबडासारखा लोंबू लागला. बोटं बरबटली, किळस आली, तरी पुसत राहिले. त्या रंगवणाऱ्यानं झाकलेल्या डागापाशी मात्र हात थांबला. त्यानं तिथं खरवडलं असलं, तर खाली नुसता पांढरा कागद.

जपून एकदा बोळा फिरवला. चोच दिसली. मग वाकलेली मान. मग मिटलेला डोळा.

छकुली झोपेतून उठून कधी मांडीशी आली, कळलंच नाही. तिनं फोटोवर बोट ठेवलं.

"वेनी," म्हणाली.

मी तिचं बोट घाईघाईनं पदराला पुसलं. रॉकेल अजून ओलं होतं.