ओसरीतले साडेतीन फूट

अरे सुहास, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, चहा गार झाला तर होऊ दे. आपल्या यगूचं सांगतोय, यज्ञेश्वरचं. आठवडासुद्धा झाला नाही अजून.

तुला एवढंच ठाऊक की यगू फ्रीगंजातल्या बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढतो. पण नोकरी कच्ची आहे बरं का, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायची. त्यात एक नोव्हेंबरला आपलं मध्यभारत राज्यच उठून भोपाळच्या नव्या राज्यात जाणार होतं. ऑफिसात ऑक्टोबरभर दुसरं बोलणंच नाही! कोण भोपाळला जाणार, कोण घरी बसणार. फायली पोत्यात भरून, पोती शिवून दारात ठेवलेली. अशात यगूचा पहिला नकाशा मंजूर झाला. गिरणी कामगारांची चाळीस घरं, नदीकाठच्या झोपड्यांतून त्यांना उचलून वर उंचावर बसवायचं. दर पावसाळ्यात पाणी शिरतं ना तिथे, त्यासाठी.

ऑफिसातले मुख्य ड्राफ्ट्समन भय्यासाहेब. त्यांच्या खापरपणजोबांनी म्हणे शिंद्यांच्या दफ्तरात कागद सांभाळले, आणि भय्यासाहेब अजून तसेच बसतात, गादीवर बसल्यासारखे. ते म्हणाले, "यज्ञेश्वरपंत, एकतीस तारखेच्या आत पायाला कुदळ लागली पाहिजे. चालू काम नवं सरकार बंद करत नाही. न सुरू झालेलं काम मात्र पोत्यात गेलं की गेलं, समझे?"

यगू समजला. सोमवारी सकाळी दोरी, खुंट्या आणि चुन्याची घमेली घेऊन साइटवर हजर. दोरी धरायला दोन खलाशी, म्हणजे मापाला हाताखाली असतात ते गडी. पहिल्या घराची आखणी केली. जमिनीवर पांढऱ्या रेघा: ही ओसरी, सात फुटांची. ही खोली. हे मागे स्वयंपाकघर. खिडक्यांच्या जागी दोन दोन विटा. अन् यगूची छाती ही एवढी फुगलेली! कारण सांगू? जुन्या सरकारी नमुन्यात खोलीला एकच बुटकी खिडकी होती. यगूने पुढे दोन मोठ्या केल्या, मागे एक केली आणि मधल्या भिंतीत दार न ठेवता रुंद मोकळी जागा ठेवली. उजेड आरपार. त्याचं लहानपण रेल्वेच्या एका काळोख्या क्वार्टरमध्ये गेलेलं, आई भर दुपारी चिमणी लावून भाकऱ्या थापायची. तेव्हा गडी मनात म्हणत होता, मी बांधीन त्या घरात दिवसा दिवा लागणार नाही!

तेवढ्यात बायका जमल्या. कागदावरचा नकाशा त्याने त्यांना महिन्यापूर्वी दाखवला होता, तेव्हा सगळ्या "अच्छा है, साब" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. वरून पाहिलेलं घर कुणाला कळतं रे? पण चुन्याच्या रेघा दिसल्या आणि या एकदम घरात शिरल्या. एक तर सरळ रेघ ओलांडून आत आली, तर दुसरी ओरडली, "अरी, दीवार में से कहाँ घुस रही है? दरवाज्जा इधर है!" आणि ती खरंच परत जाऊन दारातून आली, सुहास! डोक्यावर पदर घेऊन!

मंगलाबाई म्हणून एक होती, बुऱ्हाणपूरची, साळ्यांच्या घरातली, नवरा गिरणीत मागावर. ती खोलीच्या मधोमध उभी राहून मान इकडेतिकडे फिरवत होती.

"साहेब, ये खिडकी क्या? अन् हीपण? अन् मागं ती?"

"हो! सकाळी पुढून ऊन, दुपारी मागून." यगू खुशीत.

"मग आमचे हे निजतील कुठं?"

"रात्री इथे, खोलीत."

बायका अशा हसल्या! मंगलाबाई म्हणाली, "रात्री ते गिरणीत असतात. तिसरी पाळी. सकाळी सातला भोंगा होतो, मग घरी येतात."

आणि आलाच नवरा तेवढ्यात. वसंत नाव, केसांत कापूस, डोळे लाल. ती म्हणाली, "निजा जरा इथं." तो बिचारा इतका दमलेला, की का ते विचारलंसुद्धा नाही. रेघांच्या आत जमिनीवर आडवा झाला, तोंडावर पंचा घेतला. बाई कामाला लागली. "इथं माझी चूल. हे सासूबाईंचं खोकणं. ही पोरं. तू हो पोर, कर दंगा." शेजारीण झाली पोर, केला दंगा. ऊन थेट वसंताच्या तोंडावर. त्याने पंचा बाजूला केला अन् एक डोळा उघडून म्हणाला, "साब, मी नक्की घरात निजलोय ना? का देवास गेटच्या भर चौकात?"

सगळे हसले, यगूपण हसला. मग वसंत उठताना यगूने त्याला हात दिला, आणि यगूच्या हातात तीनच बोटं आली.

"मागावर डुलकी लागली होती," वसंत म्हणाला. "मागच्या वैशाखात. झोपडीत तरी एक कोपरा अंधारा आहे. पोतं लावून पडतो कसातरी."

यगूचं हसू कुठल्या कुठे गेलं, बघ. चाळीस घरांतले सव्वीस पुरुष आलटून पालटून रात्रपाळी करणारे. आणि त्याने काय केलं होतं? त्यांचा होता नव्हता तो अंधार काढून घेतला होता. हौसेने!

तो सायकल मारत ऑफिसात आला. जेवला नाही. बसला, उठला, परत बसला. दुपारपर्यंत नवा कागद तयार: खोली आणि चूल यांच्या मध्ये साडेतीन फुटांची एक बोळवजा जागा, दोन्हीकडे भिंत, एक दार, वर हवेपुरती जाळी. माणूस लांब होऊन निजेल एवढी. जागा आणली कुठून? ओसरीतून. खोलीची पुढची भिंत साडेतीन फूट पुढे सरकवली, बाहेरचं माप तेच.

भय्यासाहेबांनी कागद पाहिला आणि सुपारी कातरत राहिले.

"सुरेख आहे. आता मंजुरी कोण देणार? ग्वाल्हेरचे वरचे साहेब बिस्तर बांधून बसलेत, इंदूरवाल्यांनी तर बांधून पाठवलंसुद्धा."

"पण साहेब, तो माणूस..."

"खिडकीला पोतं लावेल. नाही तर घरच होणार नाही आणि पुढच्या पावसात सगळे पाण्यात. कुठलं बरं? आणि बाळा, तुझी नोकरी कच्ची. सर्व्हिस बुकात लाल शाईची एक ओळ पडली, तर भोपाळला तुला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. जा, पहिल्याच नकाशाप्रमाणे रेघा टाक."

खोटं काय होतं त्यात? सांग ना! मंगळवार सगळा असाच गेला. आई चकल्या तळत होती, तिने विचारलं, "अरे, पायाला भिंगरी लागली का तुझ्या?" हा आपला घरातल्या घरात पावलं मोजतोय, दारं लावून बघतोय, उघडून बघतोय.

बुधवारी, एकतीस तारखेला, भोंग्याच्या आधी तो साइटवर. खलाशी म्हणाले, "भैया, कौनसा डालें?" हा दोन्ही कागद उघडून बघतोय. भोंगा झाला, मंगलाबाई समोर येऊन उभी, मागे पाळीवरून आलेला वसंत. एक म्हातारी कुरकुरली, "बेटा, ओसारी मत छीनो, शाम को बैठेंगे कहाँ?" मंगलाबाई म्हणाली, "काकी, तीन फुटांत बसू चिकटून. पण माणूस तर धड पाहिजे ना घरी." म्हातारीने यगूच्या धड हाताकडे पाहिलं, मग वसंताच्या तीन बोटांकडे, आणि म्हणाली, "डाल दे."

यगूने नवी रेघ टाकली. चाळीसच्या चाळीस घरांची. दुपारी दीडला पहिली कुदळ पडली, आणि तीन वाजता भय्यासाहेब टांग्यातून उतरले.

हे ऐक आता. म्हातारा चुन्याच्या रेघेपाशी आला, उंबरठ्याच्या जागी थांबला आणि चक्क जोडे काढले! दारातून आत गेला. पावलं मोजली. साडेतीन फुटांच्या त्या पट्टीत जाऊन उभा राहिला, डोळे मिटून. मग बाहेर आला, जोडे घातले आणि साइटची वही पुढे केली. तिच्यात छापील ओळ असते: 'आखणी मंजूर नकाशाप्रमाणे केली.' खाली सही करायची.

"कर सही," भय्यासाहेब म्हणाले. "मी काही वाचत नाही, चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून डोकावत होता, सुहास! दिसत होता!

म्हणजे रस्ता मोकळा. सही करायची, वही पोत्यात, पोतं भोपाळला, घरं उभी. यगूने पेन उघडलं. आणि अडकला. त्याच्या मनात आलं, वहीत जर लिहिलं की सगळं नकाशाप्रमाणे, तर भोपाळच्या कपाटात माझा तो पहिलाच नकाशा चांगला म्हणून राहणार. उद्या त्याच्यावरून रतलामात घरं होतील, नागद्यात होतील. तिथे कोण मंगलाबाई येऊन सांगणार? आणि इथे एखादा इन्स्पेक्टर आला, तर ही भिंत चुकली म्हणून पाडायला लावेल. कशासाठी ती सरकवली, हे कुठे लिहिलेलंच नसेल ना!

त्याने छापील ओळीवर काट मारली. वर लिहिलं, 'खोलीची पुढची भिंत ओसरीत साडेतीन फूट सरकवली आहे. मधली जागा रात्रपाळीच्या माणसाला दिवसा निजायला. मंजुरी घेतलेली नाही.' आणि खाली सही, पूर्ण नावानिशी.

भय्यासाहेबांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. परत वाचलं. कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा! मग मी चष्मा विसरलो होतो कशाला?"

पण वही त्यांनी फाडली नाही हां. टांग्यात बसले आणि घेऊन गेले.

आज सहा तारीख. भाऊबीज होऊन गेली. पहिल्या घराचं काम जोत्यापर्यंत आलंय, यगू रोज जाऊन बघतो. त्याची मुदत या महिन्याअखेरीस संपते, आणि भोपाळहून चांगलं नाही, वाईट नाही, एक ओळसुद्धा आलेली नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तो उठून उभा राहतो. आई म्हणते, भित्र्यासारखा काय करतोस. मी म्हणतो, मूर्ख आहे. मग रात्रपाळीच्या वसंताचं आठवतं, आणि मला तेही म्हणवत नाही.

तर आता तू बोल. म्हातारा चष्मा खिशात घालून समोर उभा आहे, पायाला कुदळ लागलीय, पेन तुझ्या हातात आहे. तू त्या वहीत काय लिहिलं असतंस?