तांबड्या दोऱ्याची मसूर

सिद्धेश्वर पुण्याहून शेतकी शिकून सोनारीला परतला, तो डोक्यात मसुरीचं खूळ घेऊनच. एक जात टपोऱ्या दाण्याची, पण तांबेरा रोग पडला की मान टाकणारी. दुसरी बारीक, पण चिवट. सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं पाहिलं होतं, गुणसूत्रं दोघींची चौदाच, पण एकीत एका गुणसूत्राचा तुकडा निखळून दुसऱ्याला चिकटलेला. म्हणून दोघींचा संकर केला की निम्म्या शेंगा पोचट. मात्र त्याच्या पुढच्या पिढीत एखादं झाड दोघींचे गुण घेऊन भरगच्च निघू शकतं, या एका आशेवर गडी रानाच्या एका पट्ट्यात तो संकर लावून तग धरून होता.

त्याच्या वडिलांना, माणिकप्पांना, हे कुठून पटणार? "निजामाच्या धान्याच्या लेव्हीला काय तुज्या पोचट शेंगा घालू? औंदा काय दावलं न्हाईस तर तेवढा पट्टा जवारीला."

आणि त्या साली ते निघालं. साऱ्या पट्ट्यात एकच झाड, भरलेलं, तांबेऱ्याचा ठिपका नसलेलं. सिद्धेश्वरनं ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. खूण म्हणून देव्हाऱ्यातला तांबडा दोरा बांधला. घरात सुतळी पडली होती, पण शिकलेल्या माणसाला हाताला येईल ते चालतं. देवासाठी राखलेल्या वेलाला आई असाच दोरा बांधते, हे लहानपणापासून पाहिलेलं तो साफ विसरला.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं घर रानात जेवायला गेलं. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजले, आंबील शिंपडलं. मग आई रुद्रम्मानं हिरव्या शेंगांची भज्जी, येळवशीची ती खास पातळ भाजी, वाढली. सिद्धेश्वरनं दोनदा मागून घेतली.

"ग्वाड लागतीय न्हवं?" ती म्हणाली. "तू देवाला राखलेलं झाड हाय त्यात. दोरा बघून वळखलं म्या. बाकी समदी पोचट, त्ये एकच भरलेलं. उपटूनच आणलं. शिकून पोरगं देव इसरलं म्हणून लई झुरले रं मी."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "दाणे उरलेत का, अव्वा?"

"एकबी न्हाय. कवळेच व्हते."

त्याला आईचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त. पण तिच्या तोंडावरचा आनंद पाहून दोन्ही गिळावे लागले.

"मग? निघालं का तुजं झाड?" बांधावर हात धुऊन खोपीत परतलेल्या माणिकप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मग पट्टा जवारीला."

रुद्रम्मानं पदराच्या गाठीतून तो दोरा काढला. "आण हात हिकडं. परसादाचा हाय."

सिद्धेश्वरनं खरकटा उजवा हात मागे घेऊन डावा पुढं केला. देवाच्या दोऱ्याला डावा हात पाहून तिनं डोळे वटारले. मग त्यानं हात धुतला आणि उजव्या मनगटावर दोरा बांधून घेतला.