जानेवारीत पेरलेली भिवापुरी

मला जुना म्हणा, गंजका म्हणा, माझी हरकत नाही. मी आहेच तसा. पांढऱ्या पत्र्याचं लांबट छप्पर, त्याखाली दोन ट्यूब आणि टांगायला दोन साखळ्या, एवढाच माझा देह. पण मित्रांनो, मला मूर्ख म्हणू नका. मूर्ख माणसं मी फार जवळून पाहिली आहेत. त्यातल्या एकाने माझ्या उजेडात काय दिवे लावले, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पत्रा कापला, वाकवला, रंग दिला, वायर ओढली आणि खोक्यात घातलं. पुढची कित्येक वर्षं मी शिकागोजवळच्या एका गॅरेजमध्ये टांगलेला होतो. माझ्याखाली एक म्हातारा खुर्च्या दुरुस्त करायचा. तो गेल्यावर मुलांनी त्याचं सामान घरासमोर विकायला मांडलं. २००२ सालच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, तिथून मला दिगंबररावांनी उचललं.

"मस्त आहे यार," ते स्वतःशीच म्हणाले आणि मला गाडीत आडवं टाकलं. मला वाटलं, चला, पारखी माणूस भेटला. हा माझा गैरसमज थंडी संपण्याआधीच दूर झाला.

दिगंबरराव मूळचे नागपूरचे. वय चाळिशीचं, काम कॉम्प्युटरचं, घर शिकागोबाहेरच्या नेपरव्हिलला. त्या हिवाळ्यात त्यांचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने त्यांना बेंचवर बसवलं. बेंचवर म्हणजे नवं काम येईपर्यंत घरी. घरी बसलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. त्यांनी ठरवलं, रोपं करायची.

रोपंच का? तर तिथल्या मराठी मंडळात चंद्रशेखरकाका नावाचे एक निवृत्त डॉक्टर होते. सत्तर साली आलेले, मोठी बाग असलेले. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ते सगळ्यांना टोमॅटोची रोपं वाटायचे आणि पुढचा महिनाभर लोक काकांचं नाव घ्यायचे. दिगंबररावांना ते नाव हवं होतं.

"या वर्षी काकांच्या आधी आपली रोपं वाटायची," त्यांनी घरात जाहीर केलं.

मित्रांनो, शिकागोत मे उजाडला तरी रात्री पारा कधीकधी शून्याखाली जातो. दव पानावरच गोठतं. त्याला तिथे फ्रॉस्ट म्हणतात. कोवळ्या रोपाचा तो काळच. म्हणून शहाणे लोक आधी शेवटच्या फ्रॉस्टचा अंदाज घेतात, तिथून आठ आठवडे मागे येतात आणि मग घरात बी पेरतात. हे बियांच्या पाकिटाच्या पाठीवर छापलेलं असतं. दिगंबररावांनी पाकिटाची पाठ वाचली नाही. पुढच्या बाजूला लालभडक टोमॅटोचं चित्र होतं, तेवढं पाहिलं आणि जानेवारीत तळघरात, माझ्याखाली, पेरणी काढली.

त्यांची मुलगी आश्लेषा सहावीत होती. ती जिन्यात उभी राहून बघत होती.

"बाबा, इट्स जॅन्युअरी."

"मग? आपण इनडोअर करतोय."

"द पॅकेट सेज एट वीक्स. दिस इज लाइक, ट्वेंटी."

"पॅकेटवाले सगळ्यांसाठी छापतात बेटा. आपलं वेगळं आहे."

आपलं वेगळं आहे! हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या ट्यूबची टोकं काळी पडली ती त्यामुळेच असा मला संशय आहे.

इथवर सारं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली.

दिगंबररावांची बायको शैलजा. तिचं माहेर भिवापूरचं, जिथली मिरची सगळ्या विदर्भात नावाजलेली. तिचे वडील प्रल्हादराव पोस्टमास्तर होते. रिटायर झाल्यावर ते घरामागच्या परसात मिरची लावायचे आणि दरवर्षी चांगल्या फळांचं बी धरायचे. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेला येणाऱ्या कुणाबरोबर तरी लेकीसाठी त्या बियांची पुडी पाठवली होती. डिसेंबरात ते गेले. शैलजाला जाता आलं नाही. व्हिसाचे कागद अडकले होते. गेली असती तर परत येता येईल की नाही, हे कुणी सांगेना. तिने वडिलांना शेवटचं पाहिलं नाही. ती पुडी तिने एका स्टीलच्या डबीत घालून फ्रिजच्या दारात ठेवली होती.

ती मैत्रिणीबरोबर डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत किराणा आणायला गेली होती, तेव्हा दिगंबररावांनी ती डबी उघडली.

संध्याकाळी ती भाजीची पिशवी हातात घेऊनच तळघरात उतरली.

"अहो, फ्रिजमधली पुडी कुठे आहे?"

"पेरली ना! हा कोपऱ्यातला ट्रे बघ. लेबलपण लावलंय."

"सगळी?"

"थोडी ठेवून काय करणार? आता बघ, तुझ्या बाबांचं नाव पूर्ण शिकागोत होईल."

 शैलजाने पिशवी पायरीवर ठेवली, ट्रेजवळ आली आणि ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा मातीवर हात ठेवला. माती गार होती. तळघर थंडच होतं. मिरचीच्या बीला ऊब लागते, एवढी साधी गोष्ट त्या डेटाबेसच्या पंडिताच्या डोक्यात आली नव्हती. बरंचसं बी तिथेच कुजलं. थोडं, फार उशिरा, उगवलं.

आता माझ्याबद्दल. मला रोपांच्या डोक्यावर चार बोटांवर टांगायला हवं होतं. माझा उजेड म्हणजे काही सूर्य नव्हे. जवळून पडला तरच त्याचा उपयोग. दिगंबररावांनी मला पार छताच्या तुळईला टांगलं. कारण? खाली टांगलं तर फोटोत पत्रा येतो.

"दिवा जरा खाली घेऊ या का?" शैलजाने दोनदा विचारलं.

"अगं, आत्ताच कुठे ती वाढायला लागलीत!"

वाढायला! उजेडासाठी आसुसलेली रोपं मान ताणत होती बिचारी. दोऱ्यासारखे देठ, त्यावर फिकी दोन पानं. त्या उंचीला हा माणूस प्रगती समजत होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो तळघरात आणायचा. पाहुणेही एकाहून एक. "वा, काय उंची आहे!" म्हणायचे आणि वर जाऊन पोहे खायचे. मी वरून सगळं बघत होतो. साखळी तुटून एखाद्याच्या टकलावर पडावं असं मला अनेकदा वाटलं. पण माझ्या साखळ्या मजबूत होत्या.

एप्रिलमध्ये मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. त्या आठवड्यात ऊन एकदम तापलं आणि लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले. दिगंबररावांनी सगळे ट्रे गाडीत भरले.

"भिवापुरीचा ट्रे राहू द्या," शैलजा म्हणाली.

"हो हो, तो राहील."

राहिला नाही. पुढचं मी पाहिलं नाही, पण ऐकलं. कारण कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट त्यांनी तळघरातल्या टीव्हीवर स्वतःच पुन्हा पुन्हा लावली. स्टेजवर माइक हातात घेऊन ते म्हणत होते, "मंडळी, हिवाळा संपला! बिनधास्त जमिनीत लावा! आणि काही खास लोकांसाठी आमच्याकडची खास भिवापुरी!" टाळ्या पडल्या. त्या पहिल्या टाळीला शैलजा सोफ्यावरून उठली आणि वर गेली. कॅसेट पुढे चालू राहिली.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्याच टीव्हीवर सूचना आली, आज रात्री फ्रॉस्ट. शैलजाने रोपं गुंडाळायला कपाटातून जुन्या चादरी काढल्या.

"कुठे चाललीस?"

"ज्यांना ज्यांना दिलीत, त्यांच्याकडे. बाबांची मिरची परत आणायला."

"दिलेली वस्तू परत मागायची? कसं दिसेल ते! आणि फोरकास्ट नेहमी चुकतं."

"तुम्ही येताय का?"

ते आले नाहीत. कसं दिसेल, याची त्यांना काळजी होती. आश्लेषाला घेऊन ती गेली.

त्या संध्याकाळची हकिगत माय-लेकी नंतर माझ्याखाली बसून बोलत होत्या तेव्हा मला कळली. एका घरी रोपं वाऱ्याने मोडून पडली होती. दुसऱ्या घरी बाई म्हणाल्या, "अय्या, ती होय? ती वाळली, टाकली." तिसऱ्या घरी तर कुणाला आठवेचना. खास लोक ते! शेवटी ती चंद्रशेखरकाकांकडे पोचली.

"काका, ती मिरची तुम्ही बाहेर लावलीत का?"

"मी? आत्ता?" काका हसले. "मे अखेरच्या मेमोरियल डेच्या आधी मी जमिनीला हात लावत नाही. आणि दिगंबरची रोपं म्हणजे दोऱ्याला पानं. तिकडे गॅरेजमध्ये पडली आहेत. उद्या कचऱ्यात टाकणार होतो."

"ती माझ्या बाबांची आहेत, काका. त्यांनी धरलेलं शेवटचं बी."



"मला कुणी सांगितलं नाही गं," काका म्हणाले. मग स्वतः गॅरेजमध्ये गेले, मरगळलेल्या रोपांचा तो कप बाहेर आणला आणि अंगातल्या कोटात गुंडाळून गाडीपर्यंत पोचवला.

चांगलं केलं. पण त्यांचंही कौतुक मला करवत नाही. दुसऱ्याच्या रोपांना तुच्छ मानलं म्हणून ती वाचली, हे खरं. तरी घोटभर पाणी घालायला काय हरकत होती? माती दगडासारखी कोरडी झाली होती.

रात्री फ्रॉस्ट पडला. सकाळी गावभर दिगंबररावांची रोपं काळी पडून लोळली होती. फोन वाजायला लागले. दिगंबररावांनी एकही उचलला नाही. आन्सरिंग मशीनवर एकेकाचा आवाज येत होता, "अहो, तुम्हीच म्हणालात ना, बिनधास्त लावा?" ते आवाज ऐकवेनात तेव्हा ते तळघरात उतरले.

शैलजा कात्रीने मिरचीचे लांबलेले शेंडे कापत होती. कपात तीन रोपं होती. दोन जवळजवळ गेलेली.

"वाचतील?" त्यांनी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. "ती साखळी धरा."

एका बाजूने त्यांनी आणि दुसऱ्या बाजूने तिने, मला हळूहळू खाली घेतलं. चार बोटांवर. त्या घरात आल्यापासून माझं काम मला त्या दिवशी पहिल्यांदा करू दिलं. मित्रांनो, मी कधी कुणासाठी जीव टाकत नाही. पण त्या दिवशी जेवढा उजेड माझ्यात होता तेवढा मी दिला.

दोन रोपं गेली. एक राहिलं. खालून नवी पालवी फुटली. मे संपताना शैलजाने ते आधी रोज थोडा वेळ बाहेर ठेवून वाऱ्या-उन्हाची सवय लावली आणि मग जमिनीत लावलं. सप्टेंबरात त्याला लाल मिरच्या लागल्या. पाहुणे आले होते तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "ही बघा, मी जानेवारीत पेरलेली!"

चहा देता देता शैलजा म्हणाली, "आणि मेमध्ये मी दारोदार फिरून परत आणलेली."

सगळे हसले. दिगंबरराव सगळ्यांत शेवटी हसले. त्यांनी मिरची तोडायला हात पुढे केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बीला ठेवलीय." हात मागे गेला. त्यांना लाज वाटली असेल का? मला माहीत नाही. वाटली असेल तर उशिराच वाटली.

पुढची वर्षं माझी बरी गेली. शैलजा मार्चच्या मध्याला पेरायची, ट्रेखाली ऊब द्यायची, रोपं वाढतील तशी माझी साखळी एकेक कडी वर घ्यायची. रोपं बुटकी, जाड देठाची व्हायची. पाहुण्यांना ती कुणी दाखवली नाहीत, म्हणून कुणी वा वा केलं नाही. दिगंबररावांना नवं काम मिळालं आणि त्यांची बागेची हौस फिटली.

२००८ साली त्यांना ॲरिझोनात, चँडलरला नोकरी लागली. सामान बांधताना ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कशाला? तिकडे ऊनच ऊन आहे. तिकडे काय, केव्हाही लावता येतं!"

केव्हाही! आता हायस्कूलमध्ये असलेल्या आश्लेषाने नुसते डोळे फिरवले. तिने वाचलं होतं, तिथे जूनच्या उन्हात रोपं भाजून निघतात. तिथलं गणित वेगळं, पण गणित असतंच. त्यांना कुणी सांगावं?

शैलजाने बी आपल्या पर्समध्ये घेतलं. मला तिने फडक्याने पुसलं आणि रस्त्याच्या कडेला झाडाखाली टेकवून ठेवलं. कुणी नेलं तर नेलं. पुसायची काही गरज नव्हती. तरी तिने पुसलं.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मी पत्रा आहे. मला ऊनपाऊस सारखाच. तुम्ही मोठे होऊन बागा कराल, घाईही कराल, आपलं वेगळं आहे असंही म्हणाल. माणसाच्या जातीकडून मला फारशा अपेक्षा नाहीत. एवढंच करा. घरात कुणी एखादी पुडी जपून ठेवलेली दिसली, तर ती कधी पेरायची हे विचारण्याआधी, ती कुणाची आहे ते विचारा. तेवढं कळायला दिवा लागत नाही.