दोष माझ्या भिंगांचा

मी दुर्बीण बोलतेय. जुनी आहे, वजनदार आहे आणि गुन्हेगारही आहे. पण आता सगळं निभावलंय, म्हणून सांगून टाकते.

माझे मालक शाळेची बस चालवतात. थंडी पडायच्या आधी दूरदेशीचे पक्षी उतरायला लागले, की दर रविवारी मला गळ्यात अडकवून स्वारी तळ्यावर हजर! यंदा मात्र पावसात भिजल्यावर त्यांनी मला ओल्या पिशवीसकट कपाटात कोंबलं. दोन महिने! माझ्या भिंगांना आतून बुरशी लागली. बाहेरून मी ठणठणीत दिसत होते, तेच नडलं.

मागच्या रविवारी मालक तळ्यावर ओरडले, "आला रे, यंदाचा पहिला धोबी!" धोबी म्हणजे सारखी शेपटी हलवत चालणारा काळा-पांढरा पक्षी.

पक्षी बघायला सोबत आलेल्या मित्रांपैकी एकाने स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलं. "अरे, धोबी कसला? धुणं आहे ते! फडका अडकलाय कुणाचा तरी."

सगळे खो खो हसले. मालकही हसले, पण नंतर त्यांनी मला एकदाही डोळ्यांना लावलं नाही.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "डोळे गेले गं माझे. बसमध्ये चाळीस पोरं असतात. उद्याच नोकरी सोडतो."

"आधी तपासून तर घ्या!"

"तपासायचं काय? फडक्याला पक्षी म्हणालो मी!"

शेवटी मालकीणबाईंनीच चिडून मला उचललं आणि खिडकीतून समोरच्या गच्चीकडे रोखलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"अहो, मलाही धूसरच दिसतंय! दोघांचे डोळे एकाच दिवशी गेले की काय?"

मालकांनी मला उजेडात धरलं. "हात्तिच्या! ही बुरशी!" म्हणत मटकन खाली बसले आणि हसता हसता रडायलाच लागले.

तरी दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंच. मालकांनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला उघडून पुसलं. आता मी कोरड्या डब्यात राहते. तुमच्याकडे माझी कुणी बहीण असेल, तर तिलाही कोरडं ठेवा हो. फार मोठा घोळ होतो.

आज तळ्यावर बाईंनी मालकांना कोपराने ढोसलं. "ते बघा, दगडाजवळ!"

"तुतवार आहे. दोन आहेत," मालक म्हणाले. तुतवार म्हणजे पाण्याकाठी फिरणारा छोटा तपकिरी पक्षी. नुसत्या डोळ्यांनी ओळखला!

मला डब्यातून काढायचं दोघांनाही सुचलं नाही. खरं सांगते, इतकं हायसं मला जन्मात वाटलं नव्हतं.