आठ थेंबांची साक्ष

मी एक जुनी काचनळी आहे, आणि आता सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, मी जेमतेम बोटाएवढी. पण हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्या साली एका माणसाचा पाय मी वाचवला.

माझा जन्म अंबरपेठेतला. ज्या कारागिरानं मला फुंकलं, त्याची फुंकर एवढी दमदार की उरलेली हवा मलकपेठेत पोचली आणि रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या शेपट्या आडव्या झाल्या. तिथून मी हिमायतनगरात हिम्मतरावांकडे आले. ते महसूल खात्यात हेडक्लार्क. त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा डॉक्टरांनी मला, एक स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली त्यांच्या पत्नीच्या, सत्यवतीबाईंच्या हवाली केली.

माझं काम सांगायला लाज कसली? माझ्यात निळं औषध घालायचं, लघवीचे आठ थेंब सोडायचे आणि चिमट्यात धरून दिव्यावर उकळायचं. निळं निळंच राहिलं, तर साखर नाही. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच झाली तर थेट विटकरी लाल. पहिल्यांदा रंग पालटला तेव्हा मीच थक्क झाले. माणूस वरून तसाच, टोपी तशीच, मिशी तशीच. आणि आत काय चाललंय ते आठ थेंबांना ठाऊक!

आत काय चाललं होतं, ते डॉक्टरांनी बैठकीत बसून समजावलं होतं. आपण खातो त्याची साखर होते, नुसत्या गोडाचीच नव्हे, भाताचीसुद्धा. ती रक्तातून दारोदार फिरते. दारावरचा दरबान तिला आत घेतो आणि तिच्यावर शरीराचा कारभार चालतो. हिम्मतरावांचे दरबान पेंगायला लागले होते. दोन्ही वेळा ताटभर भात, ऑफिसला रिक्षा, घरी आरामखुर्ची. पेंगणार नाहीत तर काय? साखर रस्त्यातच तुंबली होती आणि मोरीवाटे वाहून चालली होती.

त्यातच नव्या चपलेनं उजव्या अंगठ्याला फोड आला. तो फुटला आणि भरेचना. डॉक्टरांनी बजावलं की साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि गोष्ट अंगठ्यावरच थांबेल याची हमी नाही.

दर रविवारी सकाळी परीक्षा. दर रविवारी मी निळी! सत्यवतीबाई मला कौतुकानं तीनतीनदा विसळायच्या. पाहुणे आले की मात्र लोणच्याच्या बरणीमागे ढकलायच्या; तेवढा अपमान मी गिळला. पण मी निळी असून जखम रुंदावत होती, हे कोडं कुणालाच उलगडेना.

मला उलगडलं होतं. ते दिवस निरोपांचे होते. नोव्हेंबरात मराठवाड्याची माणसं मुंबईकडे जाणार, कानडी म्हैसूरकडे, उरलेली आंध्रात. ऑफिसातलं एकेक टेबल रिकामं होत होतं आणि जाणाऱ्या प्रत्येकाकडे दावत होती. बिर्याणी, आणि वर वाटीभर खुबानी का मीठा, म्हणजे साखरेत शिजवलेले जर्दाळू. जाणाऱ्याच्या हातचा गोड घास नाकारणं म्हणजे त्याला हाकलल्यासारखंच. हिम्मतराव सोमवार ते गुरुवार निरोप द्यायचे, शुक्रवार-शनिवार ताक आणि अंबाडीच्या भाजीवर काढायचे आणि रविवारी मी निळी. लबाडी नव्हती ती. परीक्षेआधी दोन दिवस घोकलं की पास, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

एका बुधवारी खुंटीवरच्या शेरवानीला मुंग्या लागल्या. रांग पार नारायणगुड्यापर्यंत गेली होती म्हणा ना. खिशात खुबानीच्या बिया निघाल्या. सुनीताला, म्हणजे नातीला, फोडून आतला गर द्यावा म्हणून तिच्या आबांनी, हिम्मतरावांनी, जपून आणलेल्या. सत्यवतीबाईंनी बिया ओट्यावर ठेवल्या आणि दिवा पेटवला.

"आज बुधवार आहे," हिम्मतराव म्हणाले.

"पायाला वार कळतो का, अहो?"

आठ थेंब पडले. औषधाला उकळी फुटली. निळं गेलं, हिरवं आलं न आलं तोच पिवळं, नारिंगी, आणि मग तळापासून असा विटकरी रंग दाटला की खिडकीतून तो पाहून गल्लीतल्या रिक्षा थबकल्या. हिम्मतराव डोळे न मिटता माझ्याकडे पाहत राहिले, जसं देवळात पाहावं तसं.

"हे सगळं माझ्यात होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

सत्यवतीबाईंनी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

मग इन्शुलिनच्या सुया आल्या, रोजचं ड्रेसिंग आलं, जखम भरेपर्यंत पाय टेकायचा नाही असा हुकूम आला. ताटात दीड ज्वारीची भाकरी, डाळ, भरपूर पालेभाजी, मूठभर भात. मी रविवारची राहिले नाही, रोजची झाले.

पण खरी कसोटी महिनाअखेर लागली. शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेले एकनाथराव मुंबईला निघाले. हिम्मतराव कुबड्यांवर, उजवा पाय न टेकता गेले. एकनाथरावांनी स्वतःच्या हातानं वाटी पुढे केली. हिम्मतराव म्हणाले, "नक्को."

"सरकारनं राज्य तोडलं, आता तुम्ही पंगत तोडा," एकनाथराव तोंड फिरवून म्हणाले.

"तुम्ही परत याल तेव्हा नामपल्ली स्टेशनवर मला माझ्या पायांनी यायचंय. वाटी खाल्ली तर ते जमायचं नाही."

एकनाथरावांनी हिम्मतरावांच्या पायाकडे पाहिलं. मग त्यांनी वाटी बाजूला सारली, काकडी मागवली आणि दोघांनी ती मीठ लावून खाल्ली. हे सगळं हिम्मतरावांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी फडताळात उभी होते. माझ्या काचेवर शहारा आला.

जखम भरली, अंगठा राहिला. हिम्मतराव रोज चालायला लागले आणि दरबान जागे झाले. म्हणून सांगते मित्रांनो, शरीराला एक दिवस फसवता येतं, सातही दिवस नाही. आणि पुढचं ऐका. त्यानंतर मधुमेहानं आपला गाशा गुंडाळला, मुशी नदी ओलांडली, आणि आज दोन वर्षं झाली, तो पुन्हा म्हणून हिमायतनगरात...

"खोटं!" सुनीता म्हणाली. "तो कुठंच गेला नाही. आज दुपारी तू हिरवी झालीस, म्हणून आजीनं आबांचा भात काढून घेतला. मी शेजारीच जेवत होते. आबा उठले आणि चालायला गेले. ऐक, आलेच ते. फाटकाशी दोन्ही चपला वाजतायत."